आधी पेटी बंद करा

नागपुरातील एखाद्या शाळेला संगीत शिक्षक हवा असतो तेव्हा जाहिरातीत साधारणपणे तीन गोष्टी मागितलेल्या असतात: विशारद किंवा त्या तोडीची पदवी, पेटी वाजवता येणे आणि स्नेहसंमेलनाची गाणी बसवण्याचा अनुभव. या अपेक्षा आपापल्या जागी योग्यच आहेत. मात्र या शिक्षकाचे बरेचसे तास नर्सरी, केजी आणि पहिली-दुसरीच्या वर्गांवर लागणार असतात. चार-पाच वर्षांच्या मुलाचा आवाज कोणत्या पट्टीत सहज फिरतो, त्याला ठेका धरता येतो म्हणजे नेमके काय येते, तीस मुलांच्या गलक्यात सुरात न येणारे मूल ओळखायचे कसे आणि ओळखल्यावर त्याच्यासाठी करायचे काय, यांपैकी काहीही मुलाखतीत विचारले जात नाही. विचारले तरी समाधानकारक उत्तर मिळेल अशी फारशी आशा नसते, कारण ज्या परीक्षा देऊन उमेदवार आलेला असतो त्या त्याच्या गाण्याच्या असतात, त्याच्या शिकवण्याच्या नसतात.

मी स्वतः त्याच परीक्षा देत इथवर आले आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही पायऱ्यांची रचना मला आजही आदर वाटावा अशीच वाटते. राग ओळखणे, बंदिश लिहिणे, ताल हातावर देणे, आलाप-तानांची शिस्त हे सगळे त्या पायऱ्यांनीच माझ्यासारख्या मध्यमवर्गीय घरांतील असंख्य मुलींपर्यंत पोचवले. पण गेली काही वर्षे बालवाडीच्या ताई आणि प्राथमिक शाळांतील संगीत शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गांत काम करताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. लहान मुलांना संगीत शिकवणाऱ्याला थोडेसे गाणे आले तरी चालते, हा समज चुकीचा आहे. त्याला मोठी तान घेता आली की पुरे, हा समजही तितकाच चुकीचा आहे. त्याला जे यावे लागते ते ऐकणे आहे, तेही एकेका मुलाचे, आणि ते कुठल्याही मैफलीत बसून येत नाही. ते शिकवावे लागते.

कायद्याने या कामाची किती दखल घेतली आहे, हे एकदा पाहण्यासारखे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभराहून अधिक असल्यास, कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक नेमण्याची तरतूद आहे. पहिली ते पाचवीसाठी तशी तरतूद नाही. आणि सहा वर्षांखालील मूल तर या कायद्याने दिलेल्या हक्काच्या बाहेरच राहते. म्हणजे मुलाचा कान आणि आवाज सर्वांत लवचीक असण्याच्या वयात त्याच्या वाट्याला संगीताचा शिक्षक येईलच असे नाही, आणि तो मिळण्याची थोडी तरी शक्यता निर्माण होते ती त्याचा आवाज फुटण्याच्या उंबरठ्यावर आल्यावर. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ या वयोगटासाठी सौंदर्यदृष्टी आणि सांस्कृतिक विकास हे एक स्वतंत्र क्षेत्र मानले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट आहे. मात्र कागदावरचे हे क्षेत्र वर्गात उतरवणार ती वर्गाची ताईच, आणि तिच्या हाती त्यासाठी काय दिले, हा प्रश्न तिथेच राहतो.

एकेकाळी आपल्याकडे या प्रश्नाचा विचार झाला होता. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले, त्यात पुढे गावोगावी जाऊन संगीत शिकवणारे शिक्षक घडवण्यासाठी उपदेशक वर्ग हा स्वतंत्र वर्ग होता. गाणे शिकणे आणि गाणे शिकवण्यासाठी तयार होणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या द्रष्ट्या माणसाने शतकापूर्वी ओळखले होते. पुढे परीक्षांचा पसारा वाढला, विद्यालये गल्लोगल्ली निघाली, पण ‘ज्याला येते तो शिकवतो’ ही सोयीची समजूतच शेवटी वरचढ ठरली. वसंतराव देशपांडे यांच्या गाण्याचा पाया नागपुरातच शंकरराव सप्रे यांच्याकडे घातला गेला. सिव्हिल लाइन्समधील सभागृहाला शिष्याचे नाव आहे आणि ते असायलाच हवे. गुरूचे नाव मात्र गाणे शिकणाऱ्या घरांबाहेर फारसे कानावर येत नाही. मुलांना गाण्यातून संगीत शिकवण्याची पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते हंगेरीचे संगीतकार झोल्टान कोडाय यांनी १९२९ मध्ये अशाच आशयाचे काही लिहून ठेवले होते. राजधानीतील ऑपेराचा संचालक कोण आहे यापेक्षा किश्वार्दासारख्या लहानशा गावात गाण्याचा मास्तर कोण आहे हे अधिक महत्त्वाचे, कारण वाईट संचालक एकदाच फसतो आणि वाईट मास्तर पुढची तीस वर्षे फसत राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. किश्वार्दाच्या जागी उमरेड किंवा काटोल ठेवून पाहावे; वाक्य जराही सैल पडत नाही.

प्रशिक्षण कसे असावे याचा विचार करताना मला कोडायपेक्षाही जिनिव्हाचे संगीत शिक्षक एमिल जाक-दालक्रोझ अधिक जवळचे वाटतात, कारण त्यांची सुरुवात मुलांपासून झाली नव्हती. १८९२ पासून ते तेथील कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, हार्मनी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांची मांडणी, शिकवत होते, आणि आपले विद्यार्थी कागदावर बिनचूक स्वरसमूह मांडतात, परंतु मांडलेले त्यांना आतून ऐकूच येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. तालातही तेच होते. मात्रा मोजता येत होत्या, पण चालताना तीच लय पायांत नव्हती. मग त्यांनी या मोठ्या, शिकलेल्या विद्यार्थ्यांना चालायला लावले, थांबायला लावले, हातांनी लय दाखवायला लावली, आणि त्यातूनच पुढे लहान मुलांसाठीची त्यांची पद्धत वाढली. म्युनिकमध्ये १९२४ साली डोरोथी ग्युंटर यांच्यासोबत शाळा काढणारे जर्मन संगीतकार कार्ल ओर्फ यांच्याबाबतही असेच म्हणता येईल. लाकडी पट्ट्यांची जी वाद्ये आज जगभरच्या बालवर्गांत दिसतात, ती आधी त्या शाळेत हालचाल आणि संगीत शिकणाऱ्या तरुण मुलींच्या हाती आली होती. या दोन्ही पद्धती मोठ्या माणसांच्या शरीरात आधी रुजल्या आणि मग मुलांकडे गेल्या. आपल्याकडे परदेशी पद्धतींची कार्डे, हातांच्या खुणा आणि रंगीत घंटा विकत आणल्या जातात, पण शिक्षकाने स्वतः त्यातून जाण्याचा हा टप्पा घाईघाईत वगळला जातो.

आमचे प्रशिक्षण वर्ग बहुधा जूनमध्ये होतात. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीचा पंधरवडा शिक्षकांना मोकळा असतो. मृग लागलेला असतो, पण ऊन उतरलेले नसते. धरमपेठेतील किंवा महालातील एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये दोन मोठे कूलर लावलेले असतात आणि त्यांच्या घरघरीत पहिले सत्र सुरू होते.

पहिल्या सत्रात मी पेटी बंद करायला सांगते. याला होणारा विरोध दरवेळी तितकाच असतो. “पेटीशिवाय सूर कसा लागून राहिला, मॅडम?” असे एका तरुण शिक्षकाने अगदी मनापासून विचारले होते, आणि प्रश्न गैरही नव्हता. पेटी हे आपल्या संगीत शिक्षकाचे ओळखपत्र आहे. तिच्यामागे बसले की शिक्षक शिक्षक दिसतो. पण चार वर्षांच्या मुलांपुढे ती बऱ्याच गोष्टी हिरावून घेते. शिक्षकाचा एक हात भात्यावर आणि एक पट्ट्यांवर अडकतो, त्यामुळे हाताने सुराची चढउतार दाखवता येत नाही. नजर खाली जाते. तो जमिनीवर बसतो, तर मुलांना चालवायचे असते. सर्वांत मोठी अडचण म्हणजे पेटीच्या भरदार आवाजात मुले काय गात आहेत हे त्यालाच ऐकू येत नाही. पेटी सुरात वाजते आणि त्याला वाटते की वर्ग सुरात गातो आहे. पेटी अचानक थांबवली की खरे काय ते उघडे पडते. ते उघडे पडावे म्हणूनच ती बंद करायची.

दुसरा प्रश्न पट्टीचा, म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या कोणत्या स्वरावर धरायचा याचा. पेटीच्या एका सप्तकातल्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या डावीकडून मोजून त्यांना पांढरी दोन, काळी चार अशी नावे देतात. यावर मी सर्वाधिक वेळ घालवते, आणि तो वाया गेला असे मला कधीही वाटलेले नाही. शास्त्रीय संगीत शिकलेल्या बायका सामान्यतः काळी चार, पांढरी सहा किंवा काळी पाच या पट्ट्यांत गातात आणि वर्गातही सवयीने तोच षड्ज, म्हणजे सा, धरतात. चार ते सहा वर्षांच्या मुलाचा आवाज मात्र साधारण मध्य सप्तकाच्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत, म्हणजे सुमारे २९४ ते ४४० हर्ट्झच्या पट्ट्यात, सर्वांत सहज वावरतो. पांढरी दोनचा षड्ज धरला तर सा ते प एवढेच अंतर त्याच्या गळ्याला नेमके बसते. ताईंनी त्याऐवजी त्याखालच्या पांढरी सहाचा षड्ज दिला, तर तिचा सा २२० हर्ट्झवर येतो आणि गाण्यातला खालचा पंचम, म्हणजे प, मुलाच्या गळ्यात जवळजवळ उमटतच नाही. मग मूल दोनपैकी एक मार्ग धरते. एक तर ते गाण्याऐवजी बोलते, नाही तर छातीतून ओरडते. आपण त्याला मस्तीखोर म्हणतो. खरे तर त्याला गाता येणार नाही अशा पट्टीत आपण गाणे ठेवलेले असते.

हे पटवून द्यायला आकडे पुरत नाहीत, अनुभव द्यावा लागतो. तानपुऱ्याच्या अॅपवर पांढरी दोन लावायची, सूर ऐकायचा, अॅप बंद करायचे आणि प्रत्येकीने हलक्या आवाजात सा ते प गाऊन दाखवायचे. विशारद झालेल्या मुलींना हे सर्वांत कठीण जाते. खुला, भरीव आवाज लावण्याची त्यांना वर्षानुवर्षे तालीम मिळालेली असते, आणि हा वरचा, हलका, थोडा हवेशीर आवाज त्यांना अप्रतिष्ठेचा वाटतो. “हा तर पातळ लागून राहिला,” असे एक मुलगी म्हणाली. पातळ लागतोच. पण मुलांना नक्कल करायला तोच आवाज हवा असतो. ज्यांना शास्त्रीय तालीम नाही अशा बालवाडीच्या ताई हा आवाज पटकन लावतात, कारण घरी लेकराला निजवताना त्यांनी तो लावलेला असतो. पुरुष शिक्षकांची अडचण वेगळी आहे. त्यांचा आवाज मुलांपेक्षा एक सप्तक खाली असतो. मोठ्या माणसाला त्यातला तोच स्वर वरच्या सप्तकात आपोआप सापडतो. पाच वर्षांच्या मुलाला बहुधा सापडत नाही आणि ते सरांसारखा खर्ज, म्हणजे खालचा जाड आवाज, लावायचा प्रयत्न करते. अशा वेळी सरांनी एक तर वरच्या कृत्रिम आवाजात गाऊन दाखवावे, नाही तर सुरात असलेल्या एखाद्या मुलाला सूर द्यायला सांगावे. दुसरा उपाय अधिक चांगला, असे मला वाटते. त्यात सरांनाही ऐकावे लागते.

कूलरचाही इथे संबंध येतो. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे कूलरच्या मोटारीच्या घूंकारात १०० हर्ट्झच्या जवळचा एक अखंड स्वर असतो. तो पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध कुठेतरी पडतो. पांढरी दोनचा षड्ज धरला तर शुद्ध मध्यमाच्या, म्हणजे पंचमाआधीच्या म च्या, किंचित वर. त्यामुळे पंचम घ्यायला सांगितला की निम्मा हॉल खाली घसरतो आणि कुणालाही आपण घसरलो हे कळत नाही. मग पाच मिनिटे कूलर बंद करायचे, घाम पुसायचा आणि पुन्हा पंचम घ्यायचा. नागपूरच्या शिक्षकाला ही गोष्ट ठाऊक असणे गरजेचे आहे, कारण मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या वर्गातही हाच अनाहूत तानपुरा वाजत असणार.

प्रशिक्षणाचा गाभा मात्र हजेरी आहे. वर्गाची हजेरी गाऊन घ्यायची. ताईने मुलाचे नाव पंचमावरून गंधारावर, म्हणजे प वरून ग वर, उतरत गायचे आणि मुलाने ‘आहे’ किंवा ‘आले’ असे त्याच दोन स्वरांत उत्तर द्यायचे. प आणि शुद्ध ग यांमधले हे उतरते अंतर मुलांच्या हाकांत, चिडवण्यात आणि खेळातल्या ओळींत सहज येते. कोडाय पद्धतीतही मुलांना स्वरांची पहिली जोडी हीच दिली जाते. पाच-सात मिनिटांत वर्गातील प्रत्येक मूल एकेकटे गाऊन झालेले असते आणि ते परीक्षा दिल्यासारखे नव्हे, तर हजर असल्याचे सांगताना. ताईने वहीत तीन खुणा ठेवायच्या. मूल नुसते बोलले, आवाज योग्य दिशेने हलला, की नेमका सूर मिळाला. एवढेच. महिन्याभरात या वहीतून वर्गाचे जे चित्र उभे राहते, ते कोणत्याही चाचणीतून उभे राहत नाही.

यात गाण्यापेक्षा थांबणे अवघड जाते. ताई नाव गाते, मूल गप्प राहते, आणि दुसऱ्या क्षणी ताई त्याच्या वतीने स्वतःच उत्तर गाऊन मोकळी होते. मी हे इतक्या वर्गांत पाहिले आहे की आता सरावासाठी आम्ही दोघीदोघींच्या जोड्या करतो. एकीने मूल व्हायचे आणि मुद्दाम उशीर करायचा, दुसरीने तोंडाने, हाताने किंवा भुवईनेही घाई न करता वाट पाहायची. मोठी माणसे या वाट पाहण्याने अस्वस्थ होतात आणि हसू लागतात. पण मूल उत्तर देण्यापूर्वी जे आत ऐकत असते त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ त्याला मिळाला नाही तर पुढे ते आत ऐकायचे सोडूनच देते.

जी मुले नुसती बोलतात त्यांना आपण बेसूर ठरवून टाकतो. स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात अशा मुलाला मागच्या रांगेत उभे करून ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगण्याची प्रथा आजही जिवंत आहे. यातील बहुतेक मुलांचा दोष कानात नसतो. आपला आवाज बोलण्याच्या जागेवरून उचलून गाण्याच्या जागी नेता येतो, हेच त्यांना अजून सापडलेले नसते. ते सापडावे म्हणून सूर शिकवण्याआधी आवाज फिरवण्याचे खेळ द्यावे लागतात. कोकिळेची हाक, घाटातून चढणाऱ्या गाडीचा आवाज, उंच जाऊन खाली येणारा पतंग बोटाने दाखवत त्याच्याबरोबर आवाज वर-खाली नेणे, किंवा आपल्या गल्लीतून जाणाऱ्या भाजीवाल्याची लांबवलेली आरोळी. भाजीवाल्याची नक्कल मुलांना फार आवडते आणि त्यात आवाज आपोआप वर जातो. अमेरिकेतील संगीत मानसशास्त्रज्ञ एडविन गॉर्डन यांचे प्रतिपादन असे होते की मुलाची सांगीतिक क्षमता वयाच्या साधारण नवव्या वर्षापर्यंत भोवतालच्या संगीतानुसार वाढत किंवा आटत राहते आणि पुढे स्थिरावते. हे वय काटेकोर मानण्याचे कारण नाही, पण दुसरीतल्या मुलाला कायमचे मागच्या रांगेत पाठवण्याची घाई करू नये, एवढे त्यातून नक्की समजते.

प्रशिक्षणाला येणाऱ्या कितीतरी ताई त्याच मागच्या रांगेतून आलेल्या असतात. ‘माझा आवाज नाही, मी फक्त टाळ्या घेईन’ असे त्या पहिल्याच दिवशी जाहीर करतात. सक्करदऱ्याकडील एका बालवाडीच्या ताई अशाच बोलल्या होत्या. पुढे त्यांचे गाणे फार सुधारले असे मी म्हणणार नाही. त्यांचा पंचम अजूनही थोडा उतरतो. पण त्यांच्या वर्गातील हजेरी पाहताना मला जाणवले की त्यांच्याइतकी शांतपणे वाट पाहणारी शिक्षिका आमच्या विशारदांत क्वचितच आहे. सूर देण्यासाठी त्या फोनवरचा तानपुरा आणि वर्गातील दोन सुरेल मुली यांचा आधार घेतात. हा उपाय त्यांचा त्यांनीच शोधलेला आहे आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे.

लयीबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे करायचे एकच आहे आणि ते म्हणजे उलटे वागायचे. मोठी माणसे आपली संथ लय ठरवतात आणि मुलांनी तीत टाळी द्यावी असा आग्रह धरतात. लहान मुलाची स्वाभाविक लय आपल्यापेक्षा बरीच जलद असते, कारण त्याचे पाय लहान आणि पावले छोटी असतात. संथ भजनात टाळी धरताना ते पुढे पळते यात नवल नाही. म्हणून मुलाला चालू द्यायचे आणि शिक्षकाने त्याच्या पावलांवर खंजिरी वाजवायची. मूल थांबले की खंजिरी थांबली, पळाले की तीही पळाली. काही वेळाने मूल ही गंमत ओळखते आणि मग कोण कोणाच्या मागे चालले आहे हे सांगता येत नाही. तिथून पुढे शिक्षकाने लय किंचित संथ केली तर मूल सोबत येते. खंजिरी मी मुद्दाम निवडते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे विदर्भातील खेड्यापाड्यांत ती परकी नाही, ती हलकी असते, आणि ती वाजवत उभे राहता येते, चालता येते, मुलाच्या डोळ्यांत पाहता येते.

गाणी कोणती घ्यावीत यावर दरवर्षी वाद होतो. शाळांना इंग्रजी बडबडगीते हवी असतात, तीही स्पीकरवर. स्पीकरला माझा विरोध नाही. मात्र त्याची लय ठरलेली असते, पट्टी ठरलेली असते, तो कुणासाठी थांबत नाही, आणि तो लागला की शिक्षिका मुलांबरोबरच प्रेक्षक होऊन हातवारे करू लागते. उलट भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे मुली भुलाबाईची गाणी म्हणत आल्या आहेत. मोजक्या स्वरांत फिरणाऱ्या चाली, प्रश्न आणि उत्तरे, एकेक वस्तू वाढत जाणाऱ्या याद्या, ओळींची भरपूर पुनरावृत्ती आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ. बालशिक्षणाचा अभ्यासक्रम आखणाऱ्याने मुद्दाम रचावीत, इतकी ही गाणी या वयाला सोयीची आहेत. प्रशिक्षणात मी ती म्हणायला सांगते तेव्हा ताईंना आधी आश्चर्य वाटते. त्यांना ती सगळी पाठ असतात, पण ती संगीताच्या तासाला चालतील असे त्यांना कधी वाटलेले नसते. मग एकीला तिच्या आजीची चाल आठवते, दुसरी म्हणते आमच्या भंडाऱ्याकडे ती थोडी वेगळी म्हणतात, आणि अर्धा तास मला काहीच शिकवावे लागत नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीतही चालण्या-थांबण्याचे भरपूर काम होते. जन्माष्टमीला राधा-कृष्ण सजवणाऱ्या शाळांनी तिकडेही लक्ष द्यायला हरकत नाही.

एवढे सगळे पाच-सहा दिवसांत आटोपून प्रमाणपत्रे वाटली की काम झाले, अशी पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते. जूनमध्ये हॉलमध्ये केलेले वाट पाहणे ऑगस्टमध्ये चाळीस मुलांपुढे टिकत नाही, आणि त्याचा दोष ताईंना देता येत नाही. खरे प्रशिक्षण शाळा सुरू झाल्यावर होते. कुणीतरी वर्गात येऊन मागच्या बाजूला बसावे, तास संपल्यावर दहा मिनिटे बोलावे, आणि काही आठवड्यांनी पुन्हा यावे. आम्ही शाळेच्या परवानगीने ताईंचा स्वतःचा तास फोनवर चित्रित करायला सांगतो, तोही फक्त त्यांनाच पाहण्यासाठी. त्यात मुलांकडे न पाहता स्वतःकडे पाहायचे असते. मी सूर कोणता दिला, तो तासाच्या शेवटी तिथेच राहिला का, उत्तरासाठी किती थांबले, आणि आवाज किती वेळा चढवला. शेवटचा मुद्दा त्यांच्या आरोग्याचाही आहे. वर्गावर ओरडून आवाज बसलेल्या शिक्षिका मला दर हिवाळ्यात भेटतात, आणि ‘शांत बसा’ म्हणण्याऐवजी खंजिरीची एक ठरलेली थाप वापरावी, एवढा साधा उपायही त्यांना कुणी सांगितलेला नसतो.

दोन शिक्षिकांनी एकमेकींचे तास पाहणे हा त्याहून स्वस्त मार्ग आहे, पण त्यासाठी वेळापत्रकात एक मोकळा तास लागतो. तो मिळवणे हेच प्रशिक्षणातील सर्वांत कठीण काम आहे, असे मी आता मानू लागले आहे. तासिकेवर काम करणारा संगीत शिक्षक एका शाळेतून दुसऱ्या शाळेत धावत असतो, त्याला त्याच दिवशी पन्नास-साठ मुलांचे दोन विभाग एकत्र करून हॉलमध्ये दिले जातात, आणि प्रशिक्षणाचे शुल्क बहुधा तो स्वतःच्या खिशातून भरतो. साठ मुलांची हजेरी गाऊन घेता येत नाही. ती घ्यायची तर वर्ग निम्मा करावा लागेल आणि उरलेल्या निम्म्या मुलांजवळ त्या वेळी कुणीतरी थांबावे लागेल.

म्हणून हल्ली मी प्रशिक्षणाला शिक्षकांबरोबर मुख्याध्यापिकांनाही बोलावते. पहिल्या दिवशी त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: वर्षभरात किती गाणी बसवून होतील? मी त्यांना पेटी बंद असलेल्या हॉलमध्ये, कूलर थांबवून, इतरांसोबत हजेरीत बसवते आणि त्यांचेही नाव पंचमावरून गंधारावर गाते. त्यांच्यापैकी एका बाईंनी उत्तर द्यायला बराच वेळ घेतला, आणि मग अगदी खालच्या पट्टीत ‘आहे’ म्हणाल्या. जुलैमध्ये त्यांनी केजीचे विभाग संगीताच्या तासाला वेगळे करून दिले आणि मोकळ्या तासाबद्दल दिवाळीनंतर बोलू असे सांगितले. दिवाळीनंतर मी त्यांना फोन करणार आहे.